औषधाचा गुण

माझ्या जिभेला हाड नाही, अशी कुरुंदवाडात लग्नाआधीपासून माझी ख्याती होती. मंगळवार पेठेतल्या सासरी आल्यावर ती वाढली. सासूबाई एक बोलल्या की मी दोन बोलायची, आणि शेजारणीला रेडिओ लावायची गरज पडत नसे.

मुलगी नुकती चालायला लागली होती तेव्हा मला क्षय निघाला. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, 'छातीचं' म्हणत. गोळ्या आणि रोज सकाळी दवाखान्यात जाऊन कंपाउंडरकडून एक इंजेक्शन, असं ठरलं. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं होतं की चक्कर आली किंवा कानात आवाज यायला लागला, तर इंजेक्शन थांबवा आणि आधी मला दाखवा. नवऱ्याने ते घरी सांगितलंच नाही. बायको आधीच घाबरलेली, तिला आणखी कशाला घाबरवा, असा त्याचा विचार. तसा तो मनाने चांगला होता. शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर काम करून यायचा आणि तिथल्यासारखाच घरातही ओरडून बोलायचा.

काही आठवड्यांनी चकरा सुरू झाल्या. मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागे. तरण्या सुनेला चक्कर आली की त्या घरात त्याचा एकच अर्थ होता. सासूबाईंनी मला काही विचारलं नाही, चिंच आणून ठेवली. शेजारणीने कैरीचं लोणचं पाठवलं. मी नाही म्हणत होते, पण नाही म्हणणाऱ्या सुनांनाच दिवस गेलेले असतात, असं दोघींचं मत पडलं. पुढे ते आपोआप खोटं ठरलं. चिंच आमटीत गेली, चकरांना अशक्तपणा हे नाव मिळालं आणि मला मटणाचं अळणी पाणी सुरू झालं.

कानात रातकिडे ओरडायचे, तेही मी अशक्तपणावर ढकललं. मग घर हळूहळू शांत होत गेलं. माझ्या दुखण्यामुळे सासूबाई मवाळ झाल्या, असं मला खरंच वाटलं. त्यांना वाटलं, मी मवाळ झाले. त्या पाठीमागून बोलत आणि मी भाजी चिरत राही. समोरच्याचं बोलणं मी आता तोंडाकडे बघून ओळखते, हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. औषधाचा चांगला गुण आला, सून उलट बोलायची राहिली, असं सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत. नवऱ्याचं ओरडणं मला ऐकू येत होतं, त्यामुळे त्यालाही काही कळलं नाही. इतके सुखाचे दिवस त्या घराने आधी पाहिले नव्हते.

एका सकाळी मी मोरीत भांडी घासत होते. मुलगी माझ्या मागे उभी राहून आई, आई करत होती. पोर रडकुंडीला आली तरी मी वळले नाही, तेव्हा तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी माझी तपासणी केली. माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि आईच्या स्वयंपाकापासून वडिलांच्या दानतीपर्यंत माझ्या माहेराला ठेवता येतील तेवढी नावं ठेवली. मी भांडी घासत राहिले. शेजारीण दारात होती, तिच्याकडून हे नंतर कळलं. नेमके शब्द तिने मला कधीच सांगितले नाहीत.

सासूबाई वळसा घालून माझ्या समोर आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला ऐकाय येईना व्हय गं?"

"कानात रातकिडं ओरडत्यात, आत्याबाई."

"आणि मला वाटलं, तू शानी झालीस," असं म्हणून त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या.

दवाखान्यात कंपाउंडर सुई तयार ठेवून वाट बघत होता. सासूबाईंनी त्याला मला हात लावू दिला नाही, सरळ डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं आणि गोळ्या बदलून दिल्या. चकरा कमी होतील, म्हणाले. कानांचं जे गेलं ते परत येणार नाही, पण आणखी उशीर केला असता तर उरलंय तेही गेलं असतं. नवऱ्याला हे सगळं आधीच सांगितलं होतं, असंही म्हणाले. मला त्याचा संताप आला. नवरा आता नाही, संताप अजून आहे.

छाती बरी झाली. कानांना जाडे आवाज तेवढे उरले. बारीक आवाज, पाखरांचे आणि लहान मुलांचे, गेले ते गेलेच. मुलगी त्यातच बोलायला शिकली. आधी माझा पदर ओढायची, मी वळून बघितलं की मग बोलायची. तिला शाळेत घातल्यावर थोड्याच दिवसांत बाईंनी मला बोलावून घेतलं. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या, पण काही विचारायचं झालं की जागेवरून उठून येते आणि माझा पदर ओढते, कितीदा सांगितलं तरी सोडत नाही. घरी येताना मी तिला विचारलं, असं का करतेस. तिने आधी पदर ओढला. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, त्याशिवाय बायकांना ऐकू येत नाही.