हौदातला दोडका

मी कमरेएवढ्या पाण्यात बुडालेला माणूस आहे. (कंबर माझीच. लहान पोराची नव्हे.)

जळगावात माझं कूलरचं दुकान आहे आणि पाण्याशी माझा आयुष्यभराचा संबंध कूलरच्या टाकीपुरता. पण माझी मुलगी चिऊ पोहायला शिकलीच पाहिजे, असं मी ठरवलं. तलावावर पहिल्याच दिवशी तिचा पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं आणि त्यानंतर ती पायरीवरून हलेना. बाकीची पोरं पाण्यात मगर-मगर खेळायची, हात धरून साखळी करायची, आणि आमची बया टॉवेल गुंडाळून बघत बसायची! घरी आल्यावर विचारायची, "पप्पा, मी भित्री आहे ना?" आठ वर्षांची पोर ती. 

शेवटी शिकवणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"हे बघा, तिला ओढू नका, ढकलू नका. पोरं पोरांकडे बघून शिकतात. खेळात राहू द्या. एकदा, फक्त एकदा तिला स्वतःहून डोकं पाण्याखाली घालू द्या. पुढचं मी बघते."

झालं! एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पोहण्याचा मास्तर समजायला लागलो. चोपड्याकडे माझ्या मोठ्या बहिणीची, अक्काची, केळीची बाग आहे. बागेत मोटारीच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आणि घरात पाच पोरं. त्यांतली तेरा वर्षांची गौरी तर मासोळीच. सुट्टीत मी चिऊला घेऊन तिथं पोचलो.

केळीची बाग दिवसा फोटोत छान दिसते. संध्याकाळी आत जाऊन बघा! बाहेर वारा नसला तरी आत पानं हलतात. हलतात म्हणजे काय, कोणीतरी ओळीतून चालत आल्यासारखी एका बाजूनं हलत येतात आणि आपल्यापाशी येऊन थांबतात. वर वटवाघळं. आणि हौदाच्या कडेला, कडुनिंबाखाली, शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा. पाण्यातल्या बाया.

अक्कानं त्यांच्यापुढे लिंबू ठेवलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि मला दटावलं, "हाई ध्यानमा ठेव, भो. पानीमा पोरेसनं नाव लिसन हाका मारू नको. दिवेलागणले आसरा ऐकतस. मंग तेच नाव लिसन त्या बी बलावतस."

"अगं अक्का, काय हे!" मी हसलो. (हसताना दगडांकडे पाठ करणं मात्र टाळलं.)

पाण्यात नाव घेऊन हाक मारली की आसराही तेच नाव घेऊन बोलावतात, म्हणे. आता आली पंचाईत. माझा खेळच हाकेचा होता! सगळ्यांनी हात धरून गोल करायचा, मी कठड्याजवळून नाव पुकारायचं, ज्याचं नाव त्यानं डुबकी मारायची आणि वर येऊन "ओ" द्यायची. नावाशिवाय खेळायचं कसं? मग मी डोकं चालवलं. पोरांना भाज्यांची नावं दिली. गौरी झाली वांगं, बाकीचे कांदा, भेंडी, मिरची आणि मुळा.

"आणि चिऊ, तू?"

"मी नाही येणार."

"नको येऊस. मग तुला नावही नको!"

बोललो आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली. ती कठड्यावर बसली, थोडा वेळ पाय हलवले आणि उठून मोटारीच्या शेडकडे अक्काजवळ गेली. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही परत निघणार होतो. म्हणजे हीसुद्धा संध्याकाळ वाया गेली, या विचारानं मी चिडलो आणि खेळ जोरात लावला.

"वांगं!" डुबुक. "ओ!"

"मुळा!" डुबुक. "ओ!"

आणि लाईट गेली.

मोटार बंद पडली. पाइपातून पडणारं पाणी थांबलं आणि एकदम इतकं शांत झालं की माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. आभाळात थोडा उजेड होता, पण बागेतल्या हौदापर्यंत तो येत नव्हता. पोरांनी धरायला टाकलेला केळीचा खांब पाठीवर पडलेल्या माणसासारखा सावकाश फिरत होता.

"घाबरू नका रे!" मी सगळ्यांत जास्त घाबरून ओरडलो. "खेळ चालू! मिरची! भेंडी! दोडका!"

दोडका? दोडका कोणीच नव्हता! बाजारात भाज्या घेतो तसा भरात बोलून गेलो होतो.

पण पलीकडच्या काळ्या कोपऱ्यात डुबुक झालं.

मग काहीच नाही. मग पाण्यालगत, बारीक, ओल्या आवाजात, "ओ."

"कोण रे दोडका?" मी विचारलं.

एकही पोर बोललं नाही. अंधारात पाच डोकी माझ्याकडे तोंड करून स्तब्ध उभी. (ही पोरं जेवतानासुद्धा गप्प बसत नाहीत हो!)

कान वाजले असतील, असं म्हणून मी पुन्हा हळूच म्हणालो, "दोडका?"

डुबुक. "ओ."

 तेवढ्यात अक्का बॅटरी घेऊन आली. मी तिच्या कानात सगळं सांगितलं, तशी तिनं कपाळावर हात मारला.

"बेवारशी नाव कसाले लिधं रे भो? आते ते कोनीतरी लेईच ना!"

हे मला पटलं. कूलरवाल्या, शिकलेल्या, हप्ते वेळेवर भरणाऱ्या मला ते शंभर टक्के पटलं! आसरांना पोरांची नावं मिळाली नव्हती, पण मी एक मोकळं नाव पाण्यावर सोडलं होतं आणि त्यांतल्या एकीनं ते उचललं होतं. मी हात जोडले.

"दोडकाताई," मी म्हणालो, "चूक झाली. आपण आता जावं."

पाण्यातून उत्तर आलं, "नाही जाणार. मजा येतेय."

अक्काच्या हातातली बॅटरी सुटली, पाण्यात पडली, खाली जाताना एकदा हिरवी चमकली आणि विझली.

"बठ्ठा पोरे बाहेर निंघा!" अक्का किंचाळली.

आणि त्याच क्षणी मला आठवण झाली. "अक्का, चिऊ कुठंय? शेडमध्ये?"

"चिऊ? ती ते मघाशीच तुनाकडे वनी ना!"

आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. तसं भय मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. माझी पोर कठड्यावर नव्हती, शेडमध्ये नव्हती, आणि समोरच्या पाण्यात कोणालातरी मजा येत होती. तिला नाव नको म्हणणारा मीच. आसरा ऐकोत नाहीतर अख्खा तालुका ऐको, मी छाती फाटेस्तोवर ओरडलो.

"चिऊऊऊ!"

अक्कानं माझ्या तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता. काळ्या कोपऱ्यात डुबुक झालं.

मी तिचा हात झटकून कठड्यावर चढलो.

"ओ!"

मी उडी मारली. खिशात मोबाईल, पायांत चपला, अंगात स्वेच्छेनं आलेलं शौर्य! पाण्यात पडल्याबरोबर ते शौर्य संपलं आणि मी बुडायला लागलो. नाकात पाणी, तोंडात शेवाळ, तळ कुठं लागेना. (तो कमरेएवढ्याच खोलीवर होता, पण मी आडवा होतो.) दोनदा देवाचं नाव घेतलं, एकदा विम्याचं. तेवढ्यात एका छोट्या, गार हातानं माझी कॉलर धरली.

"पप्पा, पाय खाली टेका."

टेकले. उभा राहिलो. पाणी कमरेला लागलं. तेवढ्यात लाईट आली, शेडवरचा दिवा लागला आणि समोर चिऊ. केस तोंडावर, ओठ निळे, डोळे लकलकणारे. गौरीनं मागून तिचा दुसरा हात धरलेला.

"मामा, लाईट गेल्यावर तीच म्हणाली, मला धरून आत घे," गौरी सांगू लागली. "आणि माझ्या पाठीमागे लपून हळूच म्हणाली, पप्पांना सांगू नका."

"का गं?"

"तुम्ही कठड्यावरून टक लावून बघता ना, मग मला जास्तच भीती वाटते," चिऊ म्हणाली. "अंधारात तुम्हाला काहीच दिसत नव्हतं. आणि दोडका कोणाचाच नव्हता, म्हणून मी घेतला. पप्पा, मी किती वेळा डोकं खाली घातलं, ऐकलं ना तुम्ही?"

ऐकलं होतं की! एकेक डुबकी ऐकून थरथरलो होतो. मी तिला छातीशी धरलं आणि पोरांसमोर ढसाढसा रडलो. अक्कासुद्धा पदरानं डोळे पुसायला लागली आणि मग मला घरापर्यंत शिव्या घालत आली.

जळगावला परतल्यावर मी मॅडमना समूह-खेळांचं महत्त्व समजावून सांगत होतो, तेव्हा चिऊनं मध्येच उरलेली हकीकत सांगून टाकली. मॅडमनी ती हसू दाबून ऐकली आणि माझंही नाव नोंदवलं. छोट्या गटात! मोठ्यांच्या गटात म्हणे निदान पाय टेकता यावे लागतात. काल साखळीच्या खेळात माझा हात धरलेल्या एका चिमुरड्यानं फार काळजीनं विचारलं, "काका, तुम्हाला न्यायला कोण येणार?"

मी म्हटलं, "माझी मुलगी. ती खोल पाण्यात आहे, येईल इतक्यात."