कांदा आला, रिक्षा नाही आली

नाशकात द्वारका चौकात आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. बायको म्हणाली, "बर्फ नको सांगा, माझी दाढ ठणकते." मी सांगितलं, तरी रसवाल्यानं टाकलाच. तिनं बोटानं बर्फ काढून माझ्या ग्लासात टाकला. म्हणाली, "घ्या, तुम्हाला कुठं दाढा राहिल्यात." सायखेड्याहून आलो होतो, देवळाली कॅम्पला तिच्या बहिणीकडं जायचं होतं. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं.

चार पावलं गेलो नि ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. "छातीत लय भरून आलंय," म्हणाली, आणि आडवी झाली. तोंड घामानं निथळत होतं.

माणसं जमली. मी ओरडलो, "कुणीतरी रिक्षा आणा." सगळे हो हो म्हणाले. तेवढ्यात कुणी म्हणालं, "फिट आली बाईला." झालं. त्याच्या मागचा म्हणाला फिट, त्याच्याही मागचा म्हणाला फिट. ज्याला तिचं लुगडंसुद्धा दिसत नव्हतं तोही नव्या माणसाला सांगत होता, फिट आली. मग कुणी म्हणालं, "कांदा हुंगवा." त्यासाठी मात्र दोघं-तिघं पळाले. नाशकात कांद्याला काय तोटा. हातगाडीवरनं आला, बुक्कीनं फोडला, तिच्या नाकाला लावला.

मी म्हणालो, "अरे, हिला जन्मात फिट आली नाय. छातीत दुखतंय तिच्या."

एकानं माझा खांदा धरला. "बाबा, तुम्ही घाबरलाय. इकडं बसा. तिला वारा लागू द्या." आणि मला गर्दीतून बाहेर काढून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. अगदी मायेनं. पाण्याची बाटलीही हातात दिली. आत माझी बायको, बाहेर मी, मधे नुसत्या पाठी.

कडेच्या एकाला विचारलं, "दवाखान्याची गाडी बोलावली का?"

"बोलावली असंल की बाबा. एवढी माणसं हायेत."

दुसऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला, आणि टाच उंचावून आत बघायला लागला.

रसवाला मशीन बंद करून उभा होता. मी उठून त्याची बाही धरली. "तू. तू रिक्षा आण." तो असा पळाला की एक चप्पल मागं राहिली. रिक्षा लांब नव्हतीच. चौकातच उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरनं नाडी बघितली नि मान हलवली. संध्याकाळी गावात नदीकाठी तिला अग्नी दिला.

ती माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण एक बाई पदरानं वारा घालत होती, एकानं आपली पिशवी तिच्या डोक्याखाली दिली होती. एकेकटा भेटला असता तर त्यातल्या कुणीही तिला उचलून नेलं असतं. सगळे मिळून होते म्हणून कुणीच नेलं नाही. मी शाळा फार शिकलो नाही. मला हे उलगडत नाही, आणि गिळताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा माणसांनी भरला. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद जेवण आणतात. ऊन ओट्यावर आलं तरी कुणाच्या घरून काही आलं नाही. प्रत्येक जण दाराकडं बघत होता, दुसऱ्याचा डबा येईल म्हणून. आत नात भुकेनं रडत होती. सून तिला गप्प करत होती. म्हातारे म्हणत होते, "अरे, पोरीला कुणीतरी काहीतरी द्या."

ते 'कुणीतरी' ऐकलं नि मी उठलो. शेजारच्या घरातला चुलतभाऊ बसला होता, त्याची बाही धरली. "तू. तुझ्या घरून पिठलं-भाकरी आण."

"आरं, मला वाटलं थोरल्याकडून येतंय," म्हणत तो उठला. तो उठला तसे आणखी चौघं उठले.

पिठलं-भाकरी आली. भाकरीवर फोडलेला कांदा ठेवला होता. तो उचलून मी अंगणात फेकला, हात धुतले, आणि नातीला घास भरवला.