तारीखनाना आणि सत्त्याण्णव सालची नोंदवही

हिरामण घरतांना हिरामण या नावाने ओळखायची ती फक्त मतदारयादी. बाकी सगळं गाव त्यांना तारीखनाना म्हणायचं. उभी हयात मिठागरात गेली, पण मिठाची गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. सांगायची ती एकच, उघाडीच्या दाव्याची. चार वर्षं, एकेचाळीस तारखा आणि शेवटी निकाल आपल्या बाजूने! लग्नाची बोलणी असोत नाहीतर कुणाचं दहावं, चहाचा दुसरा कप हातात आला की नाना "तवा जज्जसाहेब माझ्याकं बघून बोलले" या वाक्यावर येणार, हे ठरलेलं. गावातल्या पोरांना तेराचा पाढा येत नसे, पण नानांच्या तारखा पाठ असत.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला तिच्या फळ्या वर ओढायच्या, की शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरतीला फळ्या खाली सोडायच्या, की खाडी शेतात येत नाही. एवढं साधं काम. पण सत्त्याण्णव साली नामाशेटने बांधाला लागून कोळंबीचं तळं काढलं, त्याला पाणी अडवून हवं होतं, म्हणून त्याने फळ्यांना साखळी घालून कुलूप ठोकलं. दावा झाला आणि कोर्टाने नामाशेटला कायमची मनाई केली. पुढे नामाशेट वारला, त्याचा मुलगा निकेत तळ्यावर आला आणि गेल्या पावसाळ्यात कुलूपही परत आलं. अकरा घरांत पाणी शिरलं. भात उभ्या उभ्या कुजलं. नानांच्या घरी सखुबाईंनी दोन दिवस खाटेवर स्टोव्ह ठेवून भाकऱ्या भाजल्या.

गावाने तहसीलदारांकडे अर्ज केला. निकेत तिथे गोड हसून म्हणाला, "निकाल लागला म्हणतात, तर कागद दाखवावा. मी कुठे नाही म्हणतो?"

आता कागद कुठून आणायचा? तो पत्र्याच्या पेटीत होता आणि दोन हजार पाच सालच्या पुरात पेटीसकट खाडीला मिळाला. तहसीलदारांनी घड्याळाकडे पाहत सांगितलं, "सोमवारी अकराला निकालाची सहीशिक्क्याची नक्कल आणा. नसेल तर मला अर्ज काढून टाकावा लागेल."

सोमवारच्या आधी हातात राहिला एक शुक्रवार. आणि तो कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीआधीचा शेवटचा दिवस निघाला.

शुक्रवारी साडेदहालाच नाना इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याच्या कोर्टात हजर झाले. सोबत सून प्राप्ती. ती मोबाईलवर गॅसचा नंबर लावते, बियाण्याचा भाव बघते, त्यामुळे कोर्टही तिच्या बोटांना सापडेल अशी घरातल्यांची समजूत होती. दारातल्या यंत्राच्या पडद्यावर तिने सासऱ्यांचं नाव तीनदा घातलं. तीनदा उत्तर आलं, 'नोंद आढळली नाही.'

"यंत्राला काय कललंय," नाना म्हणाले. "तवा यंत्र व्हतं कुठं? माणसाला विचार."

माणूस नक्कल विभागाच्या खिडकीमागे बसला होता. नूतन मॅडम. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर अर्जांचा ढीग आणि सुट्टीवर जायची घाई असूनही आवाज शांत.

"दावा नंबर?"

"उघाडीचा."

"आजोबा, मी नंबर विचारला."

"अवो बाई, अख्ख्या तालुक्यात उघाडीचा दावा एकच. नुसतं तारीखनानाचा म्हणा, भिंतीसुद्धा सांगतील."

"भिंतींना नक्कल देता येत नाही. दाखल कधी केला?"

"सात जुलै सत्त्याण्णव. सोमवार. पाऊस व्हता आणि वकिलांची छत्री माझ्या हातात व्हती."

नूतन मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. तारीख, वार आणि छत्रीसकट सांगणारा पक्षकार रोज येत नसावा. त्यांनी शोध घेण्याचा अर्ज लिहून घेतला, त्यावर कोर्ट-फीचं तिकीट लावायला सांगितलं आणि एक गोष्ट बजावली. "तातडीच्या नकलेचा अर्ज दोनपर्यंत घेते. दोनच्या आत आला तर संध्याकाळी नक्कल. दोन वाजून एक मिनिट झालं, की मग जून महिना."

लाल कापडात बांधलेली सत्त्याण्णवची नोंदवही आली. मॅडमचं बोट नावाचा फक्त पहिला शब्द बघत जुलैच्या पानावरून खाली उतरू लागलं. नाना खिडकीच्या गजाला नाक लावून उभे. जुलै संपला. हिरामण नाहीत. जूनमध्ये नाहीत, ऑगस्टमध्ये नाहीत. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून 'हि' शोधला. हिराजी निघाले, हिरालाल निघाले, हिरामण नाही.

बाराला पाच कमी. प्राप्ती हळूच म्हणाली, "बाबा, साल नक्की ना?"

"माझं साल चुकलं तर पंचांग चुकलं म्हण!" नाना गरजले, पण गरजताना आवाज कुठेतरी फाटला. एकेचाळीस तारखा. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो, सगळ्यांदेखत बोललो. आणि वहीत मी नाही? अकरा घरं डोळ्यांसमोर आली. त्याहून वाईट म्हणजे त्या अकरा घरांतली माणसं चहाचा दुसरा कप घेऊन आपल्याकडे बघताहेत, असं दिसलं.

नूतन मॅडमनी चष्मा काढला. "आजोबा, रागावू नका. दावा तुमच्याच नावाने होता ना?"

"बाई, एकेचाळीस तारखा मी केल्या!"

"तारखा केल्या म्हणून कुणी वादी होत नाही. स्टॅम्प किती लागला होता?"

नानांनी तोंड उघडलं. ज्या माणसाला छत्री आठवत होती, त्याला स्टॅम्प आठवेना. "स्टॅम्प... लागला न्हाय बहुतेक."

"मग बघा!" मॅडमनी पुन्हा चष्मा चढवला. "त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच बायकांना असल्या दाव्यांत स्टॅम्प माफ झाला होता. खाडीकाठच्या सगळ्या खारेपाटातल्या पुरुषांना एकदम आपापल्या बायका आठवल्या. हे पान बघा."

पान बायकांनी भरलं होतं. रंगूबाई विरुद्ध दीर. बायजाबाई विरुद्ध ग्रामपंचायत. तुळसाबाई विरुद्ध कुणी एक कंत्राटदार. कोर्टाची पायरी कधी न पाहिलेल्या बायका तिथे रांगेने भांडत उभ्या होत्या. मॅडमचं बोट सात जुलैवर थांबलं.

प्राप्तीने मोठ्याने वाचलं. "दावा क्रमांक एकशे त्रेचाळीस. सखुबाई हिरामण घरत विरुद्ध..."

ती थांबून सासऱ्यांकडे बघू लागली.

नानांना ती संध्याकाळ आता लख्ख आठवली. वकील म्हणाले होते, "नाना, वहिनींच्या नावाने लावू. सात-बाऱ्यावर त्यांचंही नाव आहे, आणि स्टॅम्प वाचेल. तुम्ही मुखत्यार व्हा, म्हणजे फिरायला मोकळे." सखुबाई लावणीच्या चिखलातून नुकत्या आल्या होत्या. हात लुगड्याला पुसला, दाखवलं तिथे अंगठा उमटवला आणि चुलीकडे वळल्या. पुढे एकेचाळीस वेळा त्यांनी नानांना भाकरीचा डबा दिला, हीच त्यांची कोर्टातली हजेरी. आणि नानांनी गोष्ट सांगता सांगता चौथ्या-पाचव्या वर्षी केव्हातरी बायकोला गोष्टीतून उतरवून ठेवलं. खोटं सांगायचं म्हणून नव्हे. सांगायला आटोपशीर व्हावी म्हणून.

"मुखत्यारपत्र आहे?" मॅडमनी विचारलं.

"पेटीत व्हतं. पुरात गेलं."

"मग तुम्ही या दाव्यात तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला प्रतिज्ञापत्र लागतं, साहेबांची परवानगी लागते. साहेब आता सुट्टीनंतरच भेटतील. वादीला मात्र नक्कल हक्काने मिळते. वादीला आणा."

तिऱ्हाईत! नामाशेटच्या वकिलानेसुद्धा नानांना असं कधी म्हटलं नव्हतं. पण घड्याळात बारा वीस झाले होते आणि गाव सोळा किलोमीटर. नानांनी प्राप्तीचा फोन कानाला लावला.

"सखू, आधार कार्ड घे आन् कोर्टात ये."

"अगो बाय! तुमाला धरलं का काय?"

"मला कनाला धरतील? सही पायजे तुझी."

"माझी?" पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. "अवो, दावा तुमचा, सही माझी कशी?"

नानांनी डोळे मिटले. आजूबाजूला चार वकील, दोन पोलीस, सून. "दावा तुझा हाय, सखू. तुझ्या नावाने हाय."

सखुबाई म्हणाल्या, "त्यो अंगठा दिलता त्यो?"

"त्योच."

"येतंय. डाळ उतरवते आन् येतंय."

"डाळ राहू दे!"

"जलेल ती. अकरा घरं बुडतील ती बुडतील, घर कनाला जाळू?"

सव्वादोनच्या आधी एसटी नव्हती. प्राप्तीने नवऱ्याला, मितेशला, फोन लावला. तो बंदरात कंटेनर उतरवून रिकामा ट्रेलर घेऊन परतत होता. "आईला उचल," ती म्हणाली. "कसंही कर."

एक वाजला. दीड वाजला. नाना फाटकापर्यंत जात, रस्ता बघत, परत खिडकीशी येत आणि घड्याळाकडे असे बघत, जणू ते नामाशेटने बसवलं आहे. पावणेदोनला मॅडमनी डबा उघडला. नाना केविलवाण्या स्वरात म्हणाले, "बाई, तुमी जेवायला बसाल तर..."

"इथेच जेवते आहे. खिडकी उघडी आहे."

एक बावन्नला रस्त्यावर हॉर्न वाजला, तो असा की कोर्टातली कबुतरं उडाली. चाळीस फुटांचा ट्रेलर फाटकासमोर आडवा उभा. पोलीस शिट्टी फुंकत धावला. "ए, इथे काय उतरवतोस?"

"वादी!" मितेश वरून ओरडला.

केबिनच्या उंच पायऱ्यांवरून सखुबाई पाठमोऱ्या उतरल्या. डोक्यावर पदर, कमरेला आधार कार्डाची पिशवी. नानांनी हात दिला, तो त्यांनी गर्दीत पाहिलाच नाही.

एक पंचावन्न. अर्ज प्राप्तीने भरून ठेवला होता. नूतन मॅडमनी खाली बोट ठेवलं. "इथे."

सखुबाईंनी पेन घेतलं, कागद सरळ केला आणि 'स' काढायला घेतला.

"अंगठा दे, अंगठा!" नाना कासावीस झाले. "पाच मिनिटं उरलीत!"

"थांबा. मी साक्षरतेच्या वर्गाला गेलेली. मला सही येते."

'स' झाला. 'खु'चा उकार सावकाश खाली वळला. घड्याळाचा काटा पुढे सरकला. मागे रांगेत उभे असलेले दोन वकील श्वास रोखून बघत होते. 'बा'चा काना त्यांनी दोनदा गिरवला, कारण पहिला वाकडा आला. 'ई' काढताना पेन थांबलं.

"सखू, अगो..."

"बोलू नका, चुकेल."

आडनावाच्या 'त'वर त्या थांबल्या तेव्हा एक अठ्ठावन्न झाले होते. मॅडमनी शिक्का मारला. नानांनी घाम पुसला. मग इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी ती सही नीट पाहिली. बरीच बरी होती. त्यांच्या स्वतःच्या सहीत 'घरत' वाचता येत नसे.

पण गोष्ट इतक्यात संपायची नव्हती. सव्वातीनला अभिलेख कक्षातून शिपाई हात झाडत आला. "एकशे त्रेचाळीस न्हाय, मॅडम. मुदत संपली म्हणून फाईल नाश केलेल्या यादीत हाय."

नाना खाली बाकावर बसले. सखुबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि स्वतः उठून खिडकीशी गेल्या.

"बाई, नाश म्हणजे सगलंच?"

नूतन मॅडमनी सखुबाईंकडे पाहिलं. "नाही हो मावशी. साक्षी-पुरावे, अर्ज जातात. निकाल आणि हुकूमनामा वेगळे बांधून ठेवतात." आणि शिपायाला म्हणाल्या, "फाईलच्या गठ्ठ्यात नको. निकालांच्या कपाटात बघ. दोन हजार एक."

"मॅडम, आज शेवटचा दिवस हाय, सगळे..."

"म्हणूनच आज बघ."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो आला. केसांत कोळिष्टकं, हातात चार पिवळी पानं. साडेपाचला सखुबाई हिरामण घरत या नावाचा पुकारा झाला. नाना सवयीने उठले, अर्धे उभे राहिले आणि पुन्हा बसले.

सोमवारी तहसीलदारांनी नक्कल दोनदा वाचली. निकेतचे वकील म्हणाले, मनाई बापाला होती, मुलाला नाही. तहसीलदारांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं, 'प्रतिवादी व त्याचे वारस.' मग विचारलं, "वादी कोण?"

"मी," सखुबाई म्हणाल्या. पुढे काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून जे होतं ते बोलल्या. "सायेब, गेल्या साली मी खाटंवर भाकऱ्या भाजल्या. आवंदा न्हाय भाजणार."

बुधवारी दुपारच्या ओहोटीला तलाठ्यांसमोर कुलूप निघालं. अर्धं गाव बांधावर होतं. निकेतने साखळी सोडवली आणि किल्ली नानांपुढे धरली. तहसीलदारांच्या हुकुमात लिहिलं होतं की उघाडी वादीने उघडावी. नानांचा हात निम्मा पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"तिला द्या," ते म्हणाले.

सखुबाईंनी किल्ली कमरेला खोचली. मग फळ्यांकडे पाहिलं. वर्षभर पाण्यात फुगून त्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"किल्ली माझ्याकं राहील," त्या म्हणाल्या. "फळ्या तुमी वडा."

नानांनी सदरा काढला, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि गाळात उतरले. मितेश दुसऱ्या बाजूने आला. पहिली फळी हलेना. बांधावरून वादींचा आवाज आला, "तसं न्हाय, डावीकडून! डावीकडून हालवा!"

नानांनी डावीकडून हालवली. फळी कुरकुरली, सुटली, आणि शेतातलं काळं पाणी फेसाळत त्यांच्या पायांमधून खाडीकडे धावत सुटलं.