बायनं निवडलेली शेगडी

हिवाळ्यात बाय कुणाच्या घरी गेली की आधी टेकायची नाही. घरात कोळसे पेटलेले दिसले, की कुणाला न विचारता सरळ खिडकी उघडायची. "अगो बाय, थंडी येते ना," असं कुणी म्हणालं तर म्हणायची, "येऊ दे. थंडी येताना कळते तरी." पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटे. आमच्या गावात, टोकावड्यात मात्र तिला कुणी अडवत नसे.

बाय आमची शेजारीण. नवरा लवकर गेला, तेव्हा एकट्या बाईनं भातशेती सांभाळून दत्तूला वाढवला. दत्तू कामाला लागला आणि कारवीच्या कुडाचं जुनं घर पाडून त्यानं स्लॅबचं घर बांधलं. लोखंडी चौकटीच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्या आमच्या आळीत पहिल्यांदा आल्या त्या बायच्या घरी. त्याच घरात रंजना सून म्हणून आली. तिला आई नव्हती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. "तिची आय मीच," असं बाय ज्याला त्याला सांगत सुटली होती.

शेगडी आणायला ती धसईला गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर होते. माझं लग्न व्हायचं होतं. दुकानात मातीच्या शेगड्या होत्या, पत्र्याच्या होत्या आणि एका कोपऱ्यात बिडाची एक थोरली होती. बायनं मातीची हातात घेऊन ठेवून दिली. पत्र्याची वाजवून पाहिली. दुकानदार म्हणाला, "खोली केवढी आहे? बाळंतिणीला लहान पुरते." बाय म्हणाली, "पुरन्याचं काय घेऊन बसलाव? पोरीला ऊब कमी नको पडायला." येताना एसटीत ती बिडाची शेगडी तिनं मांडीवर धरली होती. कोळसा वाडीवरच्या भट्टीवाल्यांकडून आणला, तोही निवडून, धूर न करणारा.

रंजनाला मुलगी झाली. पौषातली थंडी होती, सिद्धगडाकडून वारा सुटलेला. एके दुपारी बायनं बाळंतिणीला न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सरकवली आणि खिडकी लावून घेतली. बाळ किरकिरत होतं. आईला जरा डोळा लागू दे म्हणून बायनं त्याला बाहेर अंगणात उन्हात आणलं आणि दार ओढून घेतलं. मी तिच्याशेजारी तांदूळ निवडत बसले होते. आम्ही बाळाच्या नाकाबद्दल बोलत होतो, ते आईसारखं की बापासारखं. बाळ भुकेनं रडायला लागलं, तेव्हा बायनं हाक मारली. "रंजे, ऊठ गो, पाज तिला." आतून ओ आली नाही.

आत धूर नव्हता, वास नव्हता. रंजनाचे गाल तर लालसर दिसत होते, गाढ झोपेत असतात तसे. मुरबाडला नेलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला. हिला कळलंही नसेल.

गाव बायच्या बाजूनं उभं राहिलं, तेही आपल्या पद्धतीनं. बाळंतिणीला बाहेरची बाधा झाली, असं सगळे म्हणू लागले. भगतानंही तेच सांगितलं. बायनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण दहाव्याला, सगळे जमलेले असताना, ती उभी राहिली. "भूत नाय, बाधा नाय. शेगडी मी आनली, खिडकी मी लावली. तुमी तुमच्या घरात लावू नका." दत्तू तिथंच बसला होता. तो उठून गेला. पुढं त्यानं बदलापूरला खोली घेतली, दुसरं लग्न केलं. आईशी तो बोलला नाही. तान्ही मनीषा बायकडेच राहिली. बायनं तिला शेळीच्या दुधावर जगवली.

काही वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी आले. माझ्या आईनं स्पष्ट सांगितलं, बायला आत घेऊ नका. बाय पायरीवरच थांबली. "बारकी शेगडी घ्या, खिडकी उघडी ठेवा, नि पोर झोपायच्या आधी शेगडी भायेर काढा." मग शेगडी बाहेर येईपर्यंत ती आमच्या ओट्यावर बसून राहायची. रोज. आई तिच्याशी बोलत नसे, पण सांगितलेलं सगळं करी.

मनीषा नववीत असताना दत्तू तिला न्यायला आला. मी तेव्हा माहेरी होते. आवाज आमच्या घरापर्यंत आला, तशी मी बायच्या दारात जाऊन उभी राहिले. मनीषा जायला तयार नव्हती. शेवटी दत्तू ओरडला, "जिला चिकटून बसलीस ना, तिनंच तुझ्या आईला मारलं! माहीत आहे तुला?"

"म्हाईत हाय," मनीषा म्हणाली. "आजीनंच सांगितलं. पाचवीत होते तेव्हा. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाय. मग बोलले."

दत्तू भिंतीला टेकून खाली बसला. बाय चुलीपासून म्हणाली, "दत्तू, भाकर झाली रे. जेवून जा."

तो जेवला. मनीषाला न घेताच तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. बाय पुढच्या माघात वारली. आईच्या हातचं त्याचं ते शेवटचं जेवण.