एक मॅच जिंका आणि ग्राउंड घ्या

जिंकणाऱ्या टीमकडे कप असतो. आमच्याकडे किस्से आहेत. शुक्रवारी दोह्यातल्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात चहाला बसलो की कोणीतरी त्या सीझनचा विषय काढतोच, आणि एकाचं सांगून होईपर्यंत दुसऱ्याच्या तोंडात पुढचा तयार असतो. सगळे हसतात. मीही हसतो, पण खरं सांगू, माझं डोकं अजून फिरतं. तुम्ही ऐका आणि तुम्हीच सांगा, फिरणार नाही तर काय होईल!

आमची कंपनी इंडस्ट्रियल एरियात. स्टील फॅब्रिकेशनचं काम. मी शरीफ, दापोलीकडचा, स्टोअर सांभाळतो. वर्कशॉपमधली पोरं रत्नागिरी, रायगड, सांगली, लातूर अशी सगळीकडची. कामगारांच्या कॅम्पमागे एक मोकळा तुकडा होता, पत्र्याच्या कपच्यांनी आणि खिळ्यांनी भरलेला. तो साफ केला महादेवनं. महादू आमचा वेल्डर, सांगलीकडचा. माझ्याकडून लोहचुंबक मागून न्यायचा आणि ड्युटी संपली की वाळूत फिरवत बसायचा. वाळू चाळली, रेषा आखल्या, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमची कबड्डी सुरू झाली. बायको-पोरं गावाला, इथे एका खोलीत आठ जण. माणसाला आठवड्यातून एकदा स्वतःचं म्हणून काहीतरी लागतं की नाही? महादूचं ते ग्राउंड होतं.

एका शुक्रवारी आमचे जीएम फादीसाहेब गाडीतून आले. काच खालीसुद्धा केली नाही, आतूनच दोन मिनिटं बघितलं. नेमके तेव्हा पाच जण महादूवर पडून त्याला दाबून बसले होते. साहेबांचं शिक्षण अमेरिकेतलं, आणि कंपनीचे सगळ्यात मोठे क्लायंटही अमेरिकन. त्या क्लायंटची अमेरिकन फुटबॉलची टीम होती आणि दोह्यात कंपन्यांची लीग चालायची. साहेबांनी गाडीतच ठरवलं, आपलीही टीम काढायची. माणसं पकडून पाडता येतात ना यांना, मग झालं तर!

आठवड्याभरात सामानाचा कंटेनर आला. हेल्मेटं, खांद्याचे पॅड, बूट. आणि ठेवला कुठे? बरोब्बर कबड्डीच्या मध्यरेषेवर! एवढं मोठं यार्ड मोकळं पडलंय, पण नाही. वर प्रॅक्टिससाठी गोलपोस्ट बनवायचं काम कोणाला दिलं, तर महादूला. त्यानं मुकाट्यानं वेल्डिंग केलं, आणि संध्याकाळी साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला. ग्राउंड परत पाहिजे, एवढंच म्हणाला.

साहेब म्हणाले, "एक मॅच जिंका आणि ग्राउंड घ्या."

*

त्या हेल्मेटला तोंडासमोर लोखंडी जाळी असते. पहिल्याच प्रॅक्टिसला ब्रेकमध्ये चहा आला. लातूरचा दत्ता दमून इतका बेजार झाला होता की हेल्मेट डोक्यावर आहे हेच विसरला. कप उचलला आणि तोंडाला लावला. सगळा चहा जाळीतून दाढीत, दाढीतून जर्सीत!

आमचा कोच एका जिममधून आणलेला, भला माणूस. त्यानं स्वतः दत्ताची जर्सी पुसली. पण साहेबांपर्यंत बातमी गेलीच. दुसऱ्या दिवशी ईमेल आला, जर्सीला डाग पडतात, सबब प्रॅक्टिसचा टी-ब्रेक बंद. अहो, जर्सी धुता येते! चहाशिवाय पोरं कशी पळणार, हे त्या ईमेलमध्ये कुठेच नव्हतं.

*

पहिली मॅच. हा खेळ तसा सोपा आहे. बॉल घेऊन समोरच्यांना चुकवत त्यांच्या मागच्या रेषेपलीकडे जायचं. कोचनं हे इंग्लिशमध्ये सांगितलं, मी हिंदीत, दत्तानं मराठीत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बॉल महादूच्या हातात आला. काय पळाला म्हणून सांगू! एकाला हात लावला, दुसऱ्याला लावला, तिसऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि गर्रकन वळून उलटा आपल्याच बाजूला सुटला. आमची पोरं टाळ्या वाजवायला लागली, कारण त्यांच्याही हिशेबात तिघे आउट होते. महादू थेट आमच्या मागच्या रेषेपलीकडे गेला, बॉल खाली ठेवला आणि मग कुठे श्वास सोडला. दम टिकवून कबड्डी-कबड्डी म्हणतच पळाला होता तो!

रेफरीनं दोन पॉइंट दिले. समोरच्यांना.

कोचनं टोपी जमिनीवर आपटली. महादू माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "शरीफभाई, हात लावल्यावर परत यायचं न्हाई तर मग त्यांच्यातच राहायचं व्हय?"

पंधरा वर्षं ज्या पायांना परत यायची सवय लावली, ते पाय एका आठवड्यात कसे ऐकणार? ती मॅच हरलो. पुढची हरलो. त्याच्या पुढचीही.

*

मग दत्ताला आयडिया सुचली. दोह्यात मैदानावर मराठी कोणाला कळणार? तेव्हा डाव लपवायचेच नाहीत, मोठ्यानं ओरडून सांगायचे. एका बँकेच्या टीमशी मॅच होती. दत्ता बिनधास्त ओरडला, "डावीकडनं घुसा रे, तो टकल्या ढिला आहे!"

त्यांच्यातला एक उंच पोरगा शांतपणे म्हणाला, "गाइज, लेफ्ट साइड."

पुन्हा दत्ता ओरडला, "आता मधून!" तो पोरगा म्हणाला, "मिडल." मॅचभर हेच! शेवटी हात मिळवताना महादूनं त्याला विचारलं, बाळा, मराठी येतं का तुला? तो लाजला. म्हणाला, "कळतं काका, बट आय कान्ट स्पीक." इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला, आईवडील पुण्याचे. वाईट फक्त त्या टकल्याला वाटलं, कारण त्या पोरानं त्यालाही सगळं ट्रान्सलेट करून सांगितलं होतं.

*

अशा किती हरलो ते आता कोणी मोजत नाही. एका सोमवारी साहेबांनी ड्युटी थांबवून सगळ्यांना यार्डात उभं केलं आणि झाडलं. तुमच्यात फाइट नाही, म्हणाले. एसीतून बाहेर येऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि साहेबांचा शर्ट भिजला होता. ज्यांना सांगत होते ती पोरं सकाळपासून तापलेल्या लोखंडाला चिकटलेली.

दत्ता मागून म्हणाला, "साहेब, फाइट आहे. पण शनिवार ते गुरुवार तुम्हीच वापरता."

हे मी ट्रान्सलेट केलं नाही. करायला हवं होतं.

*

शेवटची मॅच त्या अमेरिकन क्लायंटच्या टीमशी. एकेक माणूस दरवाजाएवढा. आदल्या दिवशी महादू कंटेनरपाशी जाऊन आला होता. मला म्हणाला, खालची रेषा अजून तशीच असेल बघा.

मॅच सुरू झाली आणि आमचं जे व्हायचं ते झालं. संपत आली तेव्हा ते अठ्ठेचाळीस, आम्ही शून्य. फादीसाहेब क्लायंटच्या शेजारी बसून त्यांच्याच टीमला टाळ्या वाजवत होते. कोचनं बॉल महादूकडे द्यायला सांगितला, आता काय फरक पडणार होता?

महादू सुटला. या वेळी उलटा वळला नाही. चौघांनी धरला, एक पायाला, दोघे कमरेला, एक पाठीवर. रेषा हातभर लांब राहिली. बाकावरून आमची सगळी पोरं उठली आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडली, "हात! महादू, हात!" कबड्डीत पकड बसली की मध्यरेषेला बोट लावायला जसं अंग ताणतात, तसं त्यानं ताणलं. चौघांना ओढत, बॉलसकट हात रेषेपलीकडे टेकवला.

सहा पॉइंट. सीझनमधले पहिले आणि शेवटचे. आम्ही इतके नाचलो की समोरच्यांना वाटलं स्कोअर बघण्यात त्यांचीच काही चूक झाली.

महादू धावत साहेबांकडे गेला. त्याचा ओठ फुटला होता. साहेब म्हणाले, "जिंकलात का? नाही. मग खलास."

*

आता शेवटचा किस्सा.

साहेब निघून गेल्यावर त्या अमेरिकन टीमच्या कॅप्टननं महादूला गाठलं. पळताना तोंडानं काय म्हणत होतास आणि तो हात कुठे शिकलास, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. महादूनं कबड्डी सांगितली, मी इंग्लिश केलं. कॅप्टन म्हणाला, आम्हाला शिकव. महादू म्हणाला, ग्राउंड नाही. कॅप्टननं लगेच फादीसाहेबांना फोन लावला, शुक्रवारी तुमच्या कॅम्पमागच्या वाळूत खेळायला आलो तर चालेल का?

चालेल का! गुरुवारी दुपारी क्रेन आली. साहेब स्वतः उन्हात उभे राहून यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला करत होते. तासाभरात कंटेनर उचलला. वाळूवर मारायला मी पाण्याचा टँकर मागून मागून थकलो होतो, तो न मागता आला. खुर्च्या आल्या, शामियाना आला, थंड पाण्याची खोकी आली. आमच्या पोरांसाठी जे सबंध सीझनमध्ये जमलं नाही, ते गोऱ्यांसाठी एका दुपारी जमलं! संताप संताप झाला माझा. महादू मात्र चुंबक मागायला आला. कंटेनरखाली खिळे पडले असतील म्हणाला.

शुक्रवारी अमेरिकन आले. महादूनं त्यांना रेड शिकवली, पकड शिकवली, दम कसा धरायचा ते शिकवलं. मग त्यांना त्यांचं त्यांचं खेळायला सोडून, कपाळाचा घाम पुसत रेषेबाहेर माझ्याशेजारी येऊन बसला. तेवढ्यात फादीसाहेबांची गाडी आली. या वेळी साहेब खाली उतरले. तो कॅप्टन कबड्डी-कबड्डी करत मध्यरेषा ओलांडत होता. साहेब बराच वेळ बघत राहिले. खूश झाले. मग त्यांनी महादूला जवळ बोलावलं.

"बघ," म्हणाले, "अमेरिकन लोकांचे खेळ किती सुंदर असतात. ग्राउंड आता राहू दे इथेच. दर शुक्रवारी येऊन यांच्याकडून नीट शिकून घे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात महादूनं माझं मनगट दाबलं. वेल्डरचा हात, सुटत नाही.

"इन्शाल्ला, सर," तो म्हणाला.