तेलुगूतला निबंध
अंबाडीच्या भाजीचा आंबट वास आला की नांदेडच्या आमच्या कॉलेजातला लेखन कक्ष आठवतो; तिथे मी मुलांना निबंध लिहायला मदत करायचे. धर्माबादकडची एक मुलगी कोरा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मी कॉलेज सोडून राहिले. मराठीत लिहायला सुचतच न्हाई." घरी ती तेलुगू बोलायची, मला ती भाषा येत नव्हती. कोपऱ्यात अंबाडीच्या भाजीचा डबा खात बसलेल्या ग्रंथालयातल्या मावशी म्हणाल्या, "बाळा, तू तेलुगूत सांग, मी मॅडमला मराठीत सांगते." मुलगी आधी अडखळत, मग भराभर मिरची निवडणाऱ्या आईबद्दल बोलू लागली. मावशी घास हातातच धरून मला एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. मुलगी कॉलेजात टिकली, आणि कक्षात मावशींची खुर्ची कायमची आली. त्याआधी मी कितीतरी वह्यांवर 'विचार कच्चे' असा शेरा लिहिला होता. घरी काय बोलता, हे मात्र कुणालाच विचारलं नव्हतं.