बुंधा वर, शेंडा खाली

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा रक्तातली साखर तपासून घेतात. मी घर बांधायला घेतलं, तेही लाकडाचं आणि स्वतःच्या हातानं. सौंसरच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे माझी दोन गोष्टींबद्दल खात्री पटली होती. मोजमाप बरोबर असलं की काहीही उभं राहतं, ही पहिली. माझं मोजमाप बरोबर असतं, ही दुसरी.

खरं तर खूळ मोबाइलनं भरवलं. त्यात एक दाढीवाला परदेशी माणूस बर्फात एकटाच लाकडी घर बांधायचा. खिळा नाही, सिमेंट नाही. खांबाच्या टोकाला जिभेसारखं कुसू काढायचं, ते तुळईच्या खाचेत बसवायचं, वरून लाकडी खुंटी ठोकायची, झालं. त्याला घाम येत नसे, तहान लागत नसे आणि त्याचं कधी काही चुकत नसे. वीस मिनिटांत घर व्हायचं. मला वाटलं, आपल्याला फार तर चार महिने लागतील.

तिगावच्या वाटेवर आमचं संत्र्याचं लहानसं शेत आहे. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्या वडिलांनी सागवान लावून ठेवलं होतं. ते तोडायची रीतसर परवानगी काढली. अर्जात झाडाचा घेर विचारला होता. टेप गुंडाळून मोजायचं सोडून मी प्रत्येक झाडाचा व्यास काढला, त्याला गणितातल्या पायनं गुणलं आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलं. पाहणीला आलेल्या माणसानं टेप गुंडाळला. त्याचा आकडा आणि माझा आकडा जुळेना, म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी मी गपचूप टेप गुंडाळला. पण त्यातून काही शिकलो असं म्हणता यायचं नाही.

बायकोला घर हवं होतं, फार हवं होतं. लग्न झाल्यापासून तिनं सौंसरला भाड्याच्या वरच्या मजल्यांवर संसार केला होता आणि दर खेपेला दुसऱ्याच्या जिन्यावरून पिठाचे डबे वर चढवले होते. पण ती सुताराची मुलगी. कुजलेल्या तुळया, वाकलेले खांब आणि त्यांच्याखाली झोपणारी माणसं तिनं लहानपणी वडिलांबरोबर फिरताना पाहिली होती.

"अजी, आपल्याच्यानं एकच घर होणार हाये," ती म्हणाली. "ते फसलं तर दुसरं नाही. तुमी बांधा, मी अडवत नाही. पण बाबा पक्कं हाये म्हणतील तवाच मी सामान हलवीन."

"मग झालंच की. ते तर आत्ता म्हणतील."

"तेच तर दुखणं हाये," ती म्हणाली.

दुखणं काय, ते सांगायला हवं. माझी सासुरवाडी सावरगावची आणि मी पांढुर्ण्याचा. मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांनी एकमेकांवर दगड फेकायचे आणि उरलेलं वर्षभर एकमेकांचा पाहुणचार करायचा, अशी आमच्याकडची रीत. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, ते त्या पंचक्रोशीतले नावाजलेले सुतार. बैलगाड्या, दारं, छपरं, सगळं त्यांच्या हातचं. भल्या भल्या पाटलांना तोंडावर "हे लाकूड सडकं हाये" म्हणून सांगणारा माणूस. पण मी त्यांचा जावई. आणि त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे जावयाला चूक म्हणायचं नसतं.

ही रीत ते कुठवर पाळत, तर ऐका. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मी आणि मामाजी शेतावरून पांढुर्ण्याला निघालो होतो. मी म्हटलं, दुपारची गाडी तिगावला थांबते, तिनंच जाऊ. ते म्हणाले, "बरोबर हाये." तीन तास आम्ही फलाटावर बसलो. गाडी आली आणि शिट्टी वाजवून धडधडत निघून गेली.

"ही थांबत नाही वाटतं इथं," मी म्हटलं.

"नाही थांबत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी म्हणाले ना जवाईबापू, थांबते म्हणून."

तर अशा माणसाच्या 'हो'वर माझं घर अडकलं होतं. जो 'नाही' म्हणूच शकत नाही त्याच्या 'हो'ची किंमत काय, हे बायकोला कळत होतं. मला कळत नव्हतं. मला वाटायचं, मामाजी मानतात म्हणजे आपण बरोबर आहोत.

पांढुर्ण्याच्या आरा मशीनवरून खांब चौकोनी चिरून आले आणि मी कामाला लागलो. मामाजी रोज सकाळच्या बसनं यायचे. मोसंबीच्या झाडाखाली त्यांची खाट, खाटेजवळ पाण्याचा माठ. मी पटाशी चालवायचो, ते बघायचे. मी विचारायचो, "मामाजी, ठीक आहे ना?" ते म्हणायचे, "बरोबर हाये." मग उठायचे, माठातून तांब्याभर पाणी घ्यायचे आणि माझ्याकडे पाठ करून प्यायचे.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. आली की आधी माठात डोकवायची. मला वाटायचं, वडिलांची काळजी. आठवड्याभरानं एकदा तिनं विचारलं, "आज किती चुका केल्या?"

"एकही नाही. का?"

"माठ निम्मा झाला." मग तिनं मला समजावून सांगितलं. "बाबांना कोणाचं काम चुकलेलं दिसलं अन् बोलता आलं नाही, का त्यांचा घसा कोरडा पडते. माह्या आत्याच्या नवऱ्यानं कपाट केलं होतं, तवा बाबा विहिरीवरच जाऊन बसले होते."

मी हसण्यावारी नेलं. शास्त्राला धरून नव्हतं ते. तरी पण दुसऱ्या दिवसापासून माझं लक्ष माठाकडे जायला लागलं. मी रेघ मारली की तिरप्या नजरेनं पाहायचो. मामाजी बसून असले की करवत चालवायचो. ते उठायला लागले की परत मोजायचो. दोनदा तर खरंच इंचाची चूक सापडली. पण असं किती दिवस चालणार? थंडीचे दिवस, म्हातारा माणूस, सारखा पाणी पितो म्हणजे गोडाचं खाणं जास्त होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि माठाकडे पाहणं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मी आठही खांबांची कुसवं काढून टाकली. एका दमात, सगळी सारखी, माझ्या हिशोबानं अगदी नमुनेदार. त्या दिवशी बायको डबा घेऊन आली तेव्हा माठ उपडा घातलेला होता आणि मामाजी शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या मोटारपंपावर पाणी प्यायला गेले होते.

ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली. "काय केलं तुमी?"

"खांब तयार केले. बघ तरी."

ती बघायला आली नाही. मामाजी परतल्यावर तिनं त्यांना गाठलं. "बाबा, खरं सांगा. काय चुकलं?"

"कुठं काय? ऊन हाये, बाई."

आम्ही तिघंही स्वेटर घालून होतो.

"उद्या उभारणी करू नका," ती मला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला भीती वाटते आहे. तिला इतकं हवं असलेलं घर तिच्या डोळ्यांसमोर बिघडत होतं, तिच्या वडिलांना ते दिसत होतं आणि तिच्या नवऱ्याच्या मानापायी ते बोलत नव्हते. पण कळूनही मी थांबलो नाही. आजूबाजूच्या बगीच्यांतली सहा माणसं सांगून ठेवली होती, दोर आणले होते. शिवाय मी मास्तर. काय चुकलं ते न सांगता नुसतं 'चुकलं' म्हणणाऱ्याला मी कधी गुण दिले नव्हते.

उभारणी म्हणजे दोन खांब आणि वर तुळई अशी चौकट जमिनीवर आडवी जोडायची आणि दोरांनी ओढून उभी करायची. दुसऱ्या दिवशी सहा जणांनी दोर धरले. बायको लांब बांधावर बसली. चौकट उठायला लागली. अर्ध्यावर आली तेव्हा मला वाटलं, डावा सांधा थोडा उघडा दिसतो, खालून बघावं. मी वाकून चौकटीखाली शिरलो.

"अबे गध्या, निंघ तिथून!"

मला वाटलं, दोरावाल्यांपैकी कोणी कोणाला बोललं. तेवढ्यात माझी कॉलर धरून कोणीतरी मला मागं खेचलं आणि टाळक्यात एक सणसणीत टप्पल बसली.

"मरतं का? डाव्या सांध्यात खुंटी कोठी हाये? ते कोण ठोकीन, तुया बाप येईन का वरून? अन् खांब पाह्य कसे केले. बुंधा वर अन् शेंडा खाली! झाड कधी डोक्यावर उभं राह्यलेलं पाह्यलं का तू? गाठी पाह्य ना, फांदी कोणत्या अंगानं फुटली होती ते दिसत नाही? आठच्या आठ खांब उलटे. वटवाघळाचं घर बांधून राहिला का बे?"

सहा माणसांनी हळूच चौकट खाली ठेवली आणि संत्र्यांकडे बघायला लागली. यंदा बहार कसा आहे, याची त्यांना एकदम उत्सुकता वाटायला लागली होती.

आपण काय केलं ते मग मामाजींच्या लक्षात आलं. त्यांनी माझी कॉलर सोडली, ती हातानं नीट बसवली. मग दोन्ही हात जोडले. "चुकलं, जवाईबापू. जीभ सटकली. मी जातो गावाले." आणि खरंच खाटेवरचा गमछा उचलून रस्त्याकडे चालायला लागले.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर शाळेत आधी सर झालो, मग मोठे सर झालो, सासरी जावईबापू झालो, आणि मला गाढव म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. डोकं झणझणत होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते टपलीमुळे आलं असं मी त्या सहा जणांना भासवलं. मग मामाजींच्या मागं धावलो आणि त्यांना हाताला धरून खाटेपाशी परत आणलं.

"मामाजी, अजून काय काय चुकलंय?"

"काही नाही. बाकी बरोबर हाये."

त्यांचा हात सवयीनं माठाकडे गेला. बांधावरून आलेल्या बायकोनं माठ उचलून कमरेवर घेतला. "आता पाणी नाही, बाबा. आता बोला."

त्यांनी गमछा परत खाटेवर टाकला. मग चपला काढून लाकडांत शिरले आणि बोलायला लागले. पटाशीला धार नाही. खाचा पाऊण इंच जास्त खोल. कोपऱ्यातली तुळई लग्नातल्या करवलीसारखी नुसती मिरवते, भार घेतच नाही. मी वही काढून लिहून घेत होतो. अकराव्या चुकीवर आल्यावर त्यांनी वही ओढून घेतली. "लिहून काय होते? पटाशी धर."

पुढचे दोन महिने मी आयुष्यात खाल्ल्या नसतील एवढ्या शिव्या खाल्ल्या. आठही खांब फिरवले. आता खाली गेलेली कुसवं कापली, वर आलेल्या टोकांना नवी काढली, त्यात घर वीतभर बुटकं झालं. टेकूंसाठी मी पाडलेल्या जुन्या खाचा आता खांबांच्या पायथ्याशी रिकाम्या पडल्या आहेत. पाहुणे विचारतात, ही भोकं कशाला? मामाजी सांगतात, "जवाईबापूची हुशारी ठेवाले." चारचौघांत ते मला पुन्हा जवाईबापू म्हणायला लागले आहेत, पण हातात पटाशी असली की गध्या.

छप्पर चढलं त्या दिवशी बायको डबा घेऊन आली. तिनं सगळ्या घरातून एक चक्कर मारली, एका खांबाला खांदा लावून ढकलून पाहिलं आणि उंबऱ्याच्या जागी उभी राहिली. मामाजी खाटेवर बसून भाकरी खात होते.

"बाबा, झालं का पक्कं?"

सगळं त्यांच्या मनासारखं केलं होतं. आज तरी हा माणूस खरं 'हो' म्हणेल असं मला वाटत होतं.

त्यांनी घास चावून गिळला, मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि मग सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मागच्या खांबाले दुसरा तिरपा टेकू पाह्यजे. यानं केलेला मले पसंत नाही. तो बदलला का मंग पक्कं."

माझं तोंड उतरलं. बायकोनं मात्र डबा तसाच खाली ठेवला, पदरातून मोबाइल काढला आणि सौंसरच्या टेम्पोवाल्याला उद्या सकाळीच ये म्हणून सांगितलं.

"अगं, ते नाही म्हणाले," मी म्हटलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "म्हणूनच तर." आणि पिठाचे डबे कुठं राहतील ते बघायला आत गेली.